उलटा बांधलेला बालेकिल्ला

या वेळी पोस्टिंगचा किस्सा कमी आणि सिनेमा जास्त आहे. पण तो सिनेमाही शेवटी एका पोस्टिंगचाच आहे, म्हणून इथे लिहितोय. गोष्ट सगळी सांगणार आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच 'विश्राम' घ्यावा.

सिनेमाचं नाव 'द कीप'. साल १९८३. दिग्दर्शक मायकल मान, म्हणजे पुढे ज्याने 'हीट' आणि 'द इन्सायडर' काढले तोच. 'कीप' म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्ला. १९४१ साल, रुमानियातल्या कार्पेथियन पर्वतातली एक खिंड. जर्मन सैन्याची एक तुकडी ट्रकमधून धुक्यात वर चढतेय. खिंडीच्या तोंडाशी एक छोटं गाव आणि त्याला चिकटून एक काळा, रिकामा गड. तुकडीला हुकूम आहे की गड ताब्यात घ्या आणि खिंडीवर नजर ठेवा. बस्स. कुठल्याही फौजीला ओळखीचा वाटेल असा रटाळ हुकूम.

तुकडीचा कॅप्टन वोअरमान आत शिरतो, भिंतींकडे बघतो आणि थबकतो. बाहेरच्या बाजूला लहान दगड आहेत आणि आतल्या बाजूला हे भलेमोठे चिरे. किल्ला तर याच्या उलट बांधतात. शत्रू बाहेरून येणार असेल तर भक्कम दगड बाहेर हवा. म्हणजे हे बांधकाम कोणाला आत येऊ न देण्यासाठी नाहीच. आत जे आहे त्याला बाहेर पडू न देण्यासाठी आहे.

हा प्रसंग पाहिला आणि मी बुखारीजवळ आणखी सरकून बसलो. थंडीमुळे नव्हे. मी सातारा जिल्ह्यातला. लहानपणापासून किल्ल्यांवर शेळ्यांसारखा फिरलोय. आपल्या गडाचं दार दोन बुरुजांच्या आड गोमुखात लपवलेलं असतं, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये. तटातल्या जंग्या आतून रुंद आणि बाहेर अरुंद. प्रत्येक दगड एकच गोष्ट सांगतो, शत्रू तिकडे आहे. भिंतीची दिशा वाचायला कोणी मुद्दाम शिकवलं नाही, पण वाचता येते. त्यामुळे पडद्यावरची ती उलटी भिंत बघून जे झालं, ते पुढच्या तासाभरात राक्षसाला बघून झालं नाही.

कुठे बघितला ते सांगतो, कुठे ते नेमकं नाही सांगत. उंचावरची पोस्ट, रस्ता बर्फाने बंद, जनरेटर रात्री ठरलेल्या वेळेतच चालणार. आमच्या डॉक्टर साहेबांना भुतांच्या सिनेमांचं वेड. त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये असले पन्नासएक होते. "लढाई पण आहे आणि भूत पण आहे," असं म्हणून त्यांनी हा लावला. अर्ध्या पोरांनी वीस मिनिटांत माना टाकल्या. एकाने विचारलं, "साहेब, मधली रीळ गायब आहे काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर पुढे येईल.

तर पहिल्या रात्रीची गोष्ट. गडाच्या भिंतींत जागोजागी धातूचे क्रूस बसवलेले आहेत. गडाची देखभाल करणारा गावातला माणूस कॅप्टनला बजावतो की त्यांना हात लावू नका. रात्री दोन शिपाई पहाऱ्यावर असतात. त्यातल्या एकाला एक क्रूस वेगळा चमकताना दिसतो. चांदीचा असणार! दोघं तो उचकटून काढतात. मागचा चिरा सरकतो, पलीकडे भुयार. एकजण आत सरपटत जातो, दुसरा त्याचा दोर धरून. भुयाराच्या टोकाला एकदम जमीनच संपते आणि खाली अथांग पोकळी उघडते. कॅमेरा त्या अंधारात मागे मागे जात राहतो, शिपायाच्या हातातला दिवा काजव्याएवढा होतो, आणि मग खालून काहीतरी उजळत वर यायला लागतं. सिनेमातला हा सगळ्यात उत्तम भाग. एवढ्यासाठी तरी बघा.

समीक्षक म्हणतील की लोभाची शिक्षा वगैरे. मला त्यात पहारा दिसला. ज्याने दोन ते चारचा पहारा दिलाय त्याला विचारा. पहिला अर्धा तास माणूस शत्रू शोधतो. दुसरा अर्धा तास घर आठवतो. तिसऱ्यात बुटाची लेस, रायफलचा पट्टा, भिंतीतली फट असं काहीही हाताळायला लागतो. चौथा अर्धा तास सगळ्यात वाईट, कारण तोवर कंटाळ्याला हात फुटलेले असतात. ते दोघे शिपाई राक्षसी नाहीत. घरापासून हजार मैल दूर, अनोळखी दगडांत, रात्रभर उभी केलेली दोन पोरं आहेत. त्यांना कोणी सांगितलंच नाही की ही भिंत कशासाठी आहे. कॅप्टनच्या लक्षात आलं होतं आणि देखभाल करणाऱ्याला माहीत होतं. दोघांचं कळणं पहाऱ्यावरच्या पोरांपर्यंत पोहोचलं नाही.

आमच्याकडे एक पलटण पोस्ट सोडते आणि दुसरी ताब्यात घेते तेव्हा 'हँडिंग-टेकिंग' होतं. यादी लांबलचक असते. बुखाऱ्या किती, जेरीकॅन किती, गाद्या, तारा, दारूगोळा, सुरुंगांचा नकाशा. प्रत्येक वस्तूपुढे सही. पण यादीत नसलेल्या गोष्टी असतात त्या जाणारा हवालदार येणाऱ्याला चहा पिताना सांगतो. त्या ओढ्याचं पाणी मार्चनंतर पिऊ नका. खालच्या वाडीतली म्हातारी कुत्र्यावर ओरडली तर समजा कोणीतरी परकं आलंय. आणि अमुक ठिकाणी हात लावू नका.

असंच एका ठिकाणी आम्हाला संगर बांधायचे होते, म्हणजे आडोशाच्या दगडी भिंती. बर्फ पडायच्या आत काम उरकायचं होतं. पोस्टपासून शंभर पावलांवर चपट्या दगडांची छातीएवढी उंच आयती रास होती. मोजूनमापून रचल्यासारखी. एका नव्या पोराने आनंदाने दोन दगड उचलले आणि थांबला, कारण त्यावर अक्षरं कोरलेली होती. मणी-भिंत होती ती. लडाख, सिक्कीमकडे बौद्ध लोक मंत्र कोरलेले दगड पिढ्यान्‌पिढ्या असे रचत जातात आणि त्यांना उजव्या हाताला ठेवून बाजूने चालतात. आमच्याबरोबर एक वयस्क पोर्टर होता, त्याला सगळे 'मेमे' म्हणायचे, म्हणजे आजोबा. मेमे काही बोलला नाही. त्याने पोराच्या हातातले दगड घेतले, कपाळाला लावले आणि होते तिथे ठेवले. आमच्या सुभेदार साहेबांनी ते बघितलं आणि दगड खालच्या नाल्यातून आणायचा हुकूम दिला. पाच दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. पाठीची सालटी निघाली. शिव्या सगळ्यांनी मनातल्या मनात दिल्या. पण त्या हिवाळ्यात रस्ता बंद झाला तेव्हा मेमेच्या गावातून याकवर लादून वाळलेलं शेण आलं, जळणाला. कोणी मागितलं नव्हतं.

यात चमत्कार काही नाही. पण 'द कीप' बघताना मला सारखा मेमे आठवत होता. गडाच्या देखभाल करणाऱ्याचं कॅप्टनने ऐकलं, पण कामातला माणूस ऐकतो तसं अर्धवट. तसं बघितलं तर रुमानिया तेव्हा जर्मनीचा मित्र. नोव्हेंबर १९४० मध्येच तो त्यांच्या गोटात सामील झालेला. प्लोएश्तच्या तेलविहिरी जर्मनांना हव्या होत्या आणि जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला करायचा तर तो देश पायाखाली हवा होता. म्हणजे ही तुकडी कागदोपत्री पाहुणी होती. पण मित्र म्हणून आलेली फौजही गावाच्या दृष्टीने फौजच असते. तिने कुठला दगड उचलायचा हे विचारलं की नाही, यावर ती पाहुणी की धाड हे ठरतं.

भुतांचं म्हणाल तर आमच्याकडे त्यांची कमी नाही. नथुलाच्या बाजूला बाबा हरभजन सिंग यांचं मंदिर आहे. पंजाब रेजिमेंटचे शिपाई, १९६८ मध्ये सिक्कीममध्ये गेले. आजही तिथे त्यांचा पलंग आहे, वर्दीला इस्त्री होते, बुटांना पॉलिश होतं. पहाऱ्यावर डुलकी लागली की बाबा थप्पड मारून उठवतात अशी श्रद्धा. सियाचिनवर ओपी बाबा आहेत. वर जाणारी टोळी आधी त्यांच्यासमोर रिपोर्ट देते आणि खाली आल्यावर पुन्हा देते. अरुणाचलमध्ये सेला खिंडीच्या पुढे जसवंतगड आहे. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये नूरानांगला लढताना गेलेले रायफलमन जसवंत सिंग रावत यांना तिथे रोज सकाळी चहा ठेवतात.

शहरातले मित्र हे ऐकून हसतात किंवा हळवे होतात. दोन्ही चूक. या श्रद्धेचं काम व्यवहाराचं आहे. एकटा संतरी रात्री उभा असतो तेव्हा अंधाराला कुठलातरी चेहरा द्यावाच लागतो, नाहीतर मन स्वतःच देतं आणि तो भलताच निघतो. आमच्या पलटणींनी त्या चेहऱ्याला आपली वर्दी घातली. आमचं भूत संतऱ्याला जागं ठेवतं. 'द कीप'मधलं भूत संतऱ्याला मारतं. फरक भुतांत नाही, तिथे उभं कोण आहे आणि कशासाठी उभं आहे यात आहे. आणि हे मी म्हणत नाही, सिनेमाच म्हणतो. तेच आता सांगतो.

पहिल्या दोन शिपायांनंतर रोज रात्री माणसं मरू लागतात. वोअरमान वरती कळवतो की आम्हाला इथून हलवा. हलवण्याऐवजी त्याला मदत म्हणून एसएसची टोळी मिळते आणि तिचा मेजर केम्फर. केम्फरकडे प्रश्न नसतातच. त्याच्या मते माणसं मरतायत म्हणजे गावात बंडखोर आहेत. तो गाडीतून उतरतो, गावातली माणसं ओढून भिंतीला लावतो आणि गोळ्या घालतो. जरब बसावी म्हणून. वोअरमान तळतळून विरोध करतो. दोघंही जर्मन, दोघंही अधिकारी. वोअरमानचं काम केलंय युर्गन प्रोखनोने, 'दास बूट' मधला पाणबुडीचा कॅप्टन. त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं की याला आपण कोणासाठी लढतोय ते कळलंय आणि आता फार उशीर झालाय.

गोळीबाराचा हा प्रसंग जेमतेम मिनिटभराचा असेल. आमच्या खोलीत तेव्हा कोणी बोललं नाही. जी पोरं झोपली होती ती झोपलेलीच होती, पण जागे होते त्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यात, आमच्या कंपनीचा एक जवान रस्त्यावरच्या स्फोटात गेला. माझ्याच वयाचा. आदल्या रात्री माझ्याकडून मोबाइलचा चार्जर घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जवळच्या गावाची झडती घ्यायचा हुकूम आला. गाड्यांत बसताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि फौजेत शिव्या थांबल्या की समजावं काहीतरी बिघडलंय. गावाच्या अलीकडे सुभेदार साहेबांनी गाड्या थांबवल्या. सोलापूरकडचे होते ते, आवाज असा की परेड ग्राउंडवरची कबुतरं उडायची. त्या दिवशी हळू बोलले. लंगरच्या पोराला चहा करायला सांगितला. तिथेच, रस्त्याच्या कडेला, स्टोव्हवर.

"पोरांनो," ते म्हणाले, "ज्यानं केलंय तो रात्रीच पळालाय. गावात आता म्हातारी माणसं, बायका आणि म्हशी. चहा प्या. पिऊन झाल्यावर आपापला हात बघा. ज्याचा हात कापतोय त्यानं गाडीजवळ थांबायचं. त्याला कोण काय म्हणणार नाही."

चौघेजण थांबले. त्या चौघांतला एक मी.

बाकीचे गेले, दुपारी दोनपर्यंत झडती झाली, सापडलं काही नाही. गाडीजवळून आम्हाला गावाची विहीर दिसत होती. एक पोरगी म्हशी घेऊन पाण्यावर आली, आम्हाला बघून थिजली. आमच्यातल्या एकाने रायफल पाठीला अडकवली आणि हाताने खूण केली, जा बाई. ती गेली. म्हशींनी पाणी प्यायलं. एवढंच झालं. त्या दिवशी त्या गावात काहीच घडलं नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठल्याच डायरीत होत नाही.

सिनेमात शेवटाकडे वोअरमान आणि केम्फर समोरासमोर येतात. वोअरमान त्याला तोंडावर सांगतो की बाहेर जे मारत फिरतंय ते तुमच्याच दुष्टपणाचं रूप आहे. केम्फर त्याला गोळी घालतो. मग बाहेर येऊन बघतो तर अंगणात त्याची सगळी माणसं जळून पडलेली आणि समोर तो राक्षस, मोलासार. केम्फर भीतीने त्याला विचारतो की तू आलास तरी कुठून. आणि मोलासार त्यालाच उगम ठरवतो. तुमच्यातूनच. वाक्य तसं ढोबळ आहे. पण एका विहिरीवर चहाचा रिकामा मग हातात धरून बसलेल्या माणसाला ते ढोबळ वाटत नाही. भिंत बाहेरच्याला अडवायला नसून आतल्याला रोखायला आहे, ही गोष्ट फक्त गडाची नाही. वर्दीचीही आहे. शिस्त, हुकूम, सलाम, मॅगझिनमधल्या गोळ्यांची मोजदाद हे सगळं शत्रूसाठी आहे असं भरतीच्या वेळी वाटतं. वीस वर्षांनी कळतं की त्यातले मोठे चिरे आतल्या बाजूला आहेत.

आता सिनेमाच्या दोषांकडे येतो, कारण ते लपवण्यासारखे नाहीतच. मधली रीळ खरंच गायब आहे! मायकल मानने पहिल्यांदा जोडलेला सिनेमा सुमारे साडेतीन तासांचा होता असं सांगतात. स्टुडिओने, म्हणजे पॅरामाउंटने, तो कापत कापत ९६ मिनिटांवर आणला. अर्ध्याहून जास्त गेला. त्यामुळे स्कॉट ग्लेनने केलेला ग्लेकन नावाचा गूढ माणूस ग्रीसहून निघतो, येतो, आणि प्राध्यापकाच्या मुलीशी त्याचं प्रेम जमतं ते आमच्या लंगरमध्ये डाळ शिजायच्या आत. गावातली माणसं वेडीपिशी का होतात, पाद्री एकदम का बदलतो, काही कळत नाही. शेवट तर असा येतो की जणू जनरेटर बंद व्हायची वेळ झाली. भरीस भर म्हणजे स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख वॉली व्हीव्हर्स, ज्यांनी 'ए स्पेस ओडिसी'वर काम केलं होतं, ते चित्रीकरणानंतरचं काम चालू असतानाच वारले. ते इफेक्ट्स कसे पुरे करायचे हे त्यांच्याच डोक्यात होतं. मोलासारचं रूप एन्की बिलाल या नामांकित फ्रेंच चित्रकथाकाराने रेखाटलं. सुरुवातीला नुसता धूर आणि दोन लाल डोळे असतात तोवर अंगावर काटा येतो. पण पुरता देह धारण केल्यावर तो रबरी कपडे घातलेला पैलवान दिसतो.

मूळ कादंबरी एफ. पॉल विल्सन यांची, १९८१ ची. त्यात वाचकाला बराच काळ वाटतं की हा व्हॅम्पायर आहे, रुमानियाच आहे म्हटल्यावर वाटणारच. मानने ते सगळं काढून टाकलं. लेखकाला सिनेमा अजिबात आवडला नाही. तिकीटखिडकीवर आपटला तो वेगळाच. मग त्याची व्हिडिओ कॅसेट होती, पण पुढे डीव्हीडी कितीतरी वर्षं निघालीच नाही. टँजरीन ड्रीम या जर्मन मंडळींनी दिलेलं संगीत, १९४१ च्या काळाशी काडीचा संबंध नसलेलं सिंथेसायझरचं, तेही धड प्रसिद्ध झालं नाही. आणि नेमकं इथूनच त्याचे भक्त वाढले. लोक घासलेल्या कॅसेटच्या नकला करून बघायचे, कापलेल्या प्रसंगांचे फोटो जमवायचे, साडेतीन तासांची प्रत कुठल्यातरी तळघरात असेल म्हणून आस लावून बसायचे.

डॉक्टर साहेबांना याचं नवल वाटत होतं, की मोडक्या सिनेमाला एवढे भक्त कसे. मला नाही वाटलं. त्यांना म्हटलं, साहेब, एकदा आमच्याकडे या. गडावर जाल तर काय दिसेल? चार जोती, एक टाकं, अर्धा बुरूज. आणि ट्रेकला आलेला आमचा पोरगा त्या जोत्यावर उभा राहून सांगेल, इथे सदर होती, इथे अंबारखाना होता, इथून महाराज यायचे. दगड नाहीत म्हणून तर त्याला बोलायला जागा आहे. अख्खा राजवाडा लोक तिकीट काढून बघतात आणि घरी जातात. पडक्या गडावर मात्र दर पावसाळ्यात पुन्हा जातात.

चित्रीकरणाच्या जागेची गोष्ट तर सिनेमापेक्षा भारी आहे. गडाचा आणि गावाचा बाहेरचा देखावा उभारला होता उत्तर वेल्समध्ये, लॅनबेरिसजवळच्या ग्लिन रोन्वी नावाच्या पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत. पाऊस, धुकं, काळा दगड. रुमानिया म्हणून सहज खपतं. आता गंमत बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने याच खाणीच्या परिसरात बॉम्बचं भूमिगत कोठार बांधलं होतं. जानेवारी १९४२ मध्ये त्याचं छत मोठ्या प्रमाणावर कोसळलं आणि हजारो टन बॉम्ब ढिगाऱ्याखाली गेले. खाणींतला उरलासुरला दारूगोळा काढायला हवाई दलाला युद्धानंतर कित्येक वर्षांनी पुन्हा यावं लागलं. म्हणजे डोंगराच्या पोटात युद्धाने कोंडून ठेवलेलं काहीतरी भयानक, ही कल्पना मानने आणली असेल रुमानियाची म्हणून, पण तंबू ठोकला तो नेमक्या तशाच जागी.

शेवटचा मुद्दा प्राध्यापक कूझाचा. गडाच्या भिंतीवर एका रात्री जुन्या भाषेत मजकूर उमटतो. तो वाचायला जर्मन एका ज्यू इतिहासकाराला छावणीतून आणतात. व्याधीने अकाली म्हातारा झालेला, चाकाच्या खुर्चीतला माणूस. हे काम इयन मॅकेलनने केलंय, तेव्हा चाळिशीत होता. बरोबर त्याची मुलगी ईव्हा. १९४१ चा रुमानिया म्हणजे ज्यूंसाठी काय होता हे सिनेमा सांगत नाही. त्या वर्षी जूनअखेर एकट्या याश शहरात हजारो ज्यू मारले गेले आणि मारणाऱ्यांत रुमानियाचे स्वतःचे शिपाई आणि पोलीस होते. त्याला राक्षसाची गरज पडली नव्हती.

मोलासार कूझाला बरा करतो. पुन्हा हातपाय चालतात, चेहरा तरुण होतो. तो म्हणतो, मी या नाझींचा नाश करीन, तू फक्त एक काम कर. गडाच्या पोटात एक वस्तू आहे, ती बाहेर ने. कूझा कबूल होतो. का होणार नाही? ज्याचे लोक मारले जातायत त्याच्यासमोर कोणीतरी शस्त्र म्हणून उभं राहिलंय. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. त्या पहाटे, गाडीजवळ थांबलो नसतो आणि कोणी कानात म्हणालं असतं, मी तुझ्या मित्राचा हिशेब चुकता करतो, तू फक्त बाजूला हो, तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे.

कूझा ती वस्तू घेऊन दारापर्यंत येतो. मुलगी आडवी येते. मोलासार म्हणतो, तिला मार आणि ये. तिथे म्हातारा थांबतो. वस्तू तुझी आहे तर तूच का नेत नाहीस, असं विचारतो. ज्याचं काम पुरं व्हायला मला माझी पोर मारावी लागते तो माझा तारणहार कसला? कापाकापीत सगळं गेलं तरी हा प्रश्न शाबूत राहिलाय, आणि माझ्या मते सिनेमा एवढ्यावर उभा आहे. हुकूम देणाऱ्याला स्वतःचे हात वापरता येत नाहीत. मोलासारला नाही, केम्फरच्या वरच्यांनाही नाही. त्यांना लागतात ते आपले हात. म्हणून ते कापतायत का हे अधूनमधून बघावं लागतं, आणि कोणीतरी चहा करून थांबवणारा असावा लागतो.

सुभेदार साहेब आता निवृत्त झाले. गावी द्राक्षबाग आहे. मागच्या सुट्टीत फोनवर त्यांना सिनेमाची गोष्ट सांगितली, सगळी. शांतपणे ऐकून म्हणाले, "त्या कॅप्टननं पहिल्या दिवशीच पोरांना गोळा करून भिंत दाखवायला पाहिजे हुती."

याच्यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही. सिनेमा मिळाला तर बघा. रात्री बघा, आवाज मोठा ठेवा आणि मधली रीळ शोधत बसू नका.

जय हिंद.